भिंतीवरचा स्थिरांक-तक्ता : प्रकल्प नोंदी, इंदूर

२ जून २०२५

वसाहतीच्या अभ्यासिकेतला भौतिकशास्त्राचा जुना तक्ता आज उतरवला. कागद अजून धड आहे, पण त्यावरचे तीन दावे आता लागू नाहीत. किलोग्रॅमची व्याख्या म्हणून पॅरिसजवळच्या सेव्हरमधला प्लॅटिनम-इरिडियमचा दंडगोल दिला आहे. ती व्याख्या २० मे २०१९ पासून रद्द झाली. प्लांक स्थिरांकापुढे ‘प्रायोगिक मूल्य’ असं छापलंय. त्याच दिवसापासून तेही गेलं. आणि निर्वाताच्या चुंबकीय पारगम्यतेपुढे ‘व्याख्येने अचूक’ असं आहे, ती मात्र आता मोजावी लागते.

नवा तक्ता सहा फूट बाय चार फूट, आणि सोबत एकक-रूपांतराची छोटी पुस्तिका. गणितं माझ्याकडे, तपासणी निवृत्त भौतिकशास्त्राचे शिक्षक असलेल्या सरांकडे, मांडणी आणि अक्षरं ताईंकडे. गणेशोत्सवाच्या आधी भिंतीवर लागायला हवा.

पहिला निर्णय आजच घेतला. प्रत्येक स्थिरांकाचा दर्जा तक्त्यावर दिसला पाहिजे : हा आकडा माणसांनी ठरवलेला आहे की मोजून काढलेला आहे. ठरवलेले काळ्या रंगात, मोजलेले निळ्यात, आणि मोजलेल्यांच्या पुढे कंसात अनिश्चितता. एवढं एक काम नीट झालं तरी तक्ता सार्थकी लागला असं मी मानेन. शाळेत आपण सगळे आकडे एकाच आवाजात पाठ केले, आणि त्यातला हा फरक कुणी सांगितलाच नाही.

(या नोंदींत घात दाखवायला ^ हे चिन्ह वापरतोय.)

५ जून

काळ्या रंगातले सात आकडे पक्के केले. १६ नोव्हेंबर २०१८ रोजी व्हर्सायला भरलेल्या वजन-मापांच्या सर्वसाधारण परिषदेत मतदान होऊन ते गोठवले गेले.

सीझियम-१३३ अणूच्या ठरावीक संक्रमणाची वारंवारता ९,१९,२६,३१,७७० हर्ट्झ. प्रकाशाचा निर्वातातला वेग २९,९७,९२,४५८ मीटर प्रतिसेकंद. प्लांक स्थिरांक ६.६२६०७०१५ × १०^-३४ जूल सेकंद. मूलभूत विद्युतभार १.६०२१७६६३४ × १०^-१९ कूलॉम. बोल्ट्झमन स्थिरांक १.३८०६४९ × १०^-२३ जूल प्रतिकेल्विन. ॲव्होगॅड्रो स्थिरांक ६.०२२१४०७६ × १०^२३ प्रतिमोल. आणि ५४० × १०^१२ हर्ट्झच्या प्रकाशासाठी ६८३ ल्युमेन प्रतिवॅट.

हे सात आकडे दिले की सेकंद, मीटर, किलोग्रॅम, अँपिअर, केल्विन, मोल आणि कँडेला ही सगळी एककं त्यांतून बाहेर पडतात. प्रकाशवेग तर १९८३ सालीच गोठवलेला होता. त्याआधी १९७२ मध्ये अमेरिकेत बोल्डरला लेसर वापरून तो २९,९७,९२,४५६.२ इतका मोजला होता, एक-सव्वा मीटरच्या अनिश्चिततेसह. म्हणजे ठरवलेला आकडा हवेतून आणलेला नाही. शक्य तितकं नीट मोजलं, मग तिथेच खुंटी ठोकली.

अभ्यासिकेत येणारी अकरावीची एक मुलगी मी लिहीत असताना मागे उभी राहून वाचत होती. तिने विचारलं, “दादा, आकडा ठरवून टाकला म्हणजे निसर्गाला हुकूमच दिला की!” सर तिथेच होते. म्हणाले, “हुकूम किलोग्रॅमला दिलाय, बाळ. निसर्ग आहे तसाच आहे.”

हे वाक्य तक्त्यावर छापता येणार नाही, पण त्यामागचं यंत्र दाखवता येईल : किबल तराजू. ब्रायन किबल यांनी १९७५ मध्ये सुचवलेल्या या तराजूत वजनाचं बल चुंबकीय क्षेत्रातल्या तारेच्या वेटोळ्यावरच्या बलाने तोलतात. मग तेच वेटोळं ठरावीक वेगाने हलवून त्यात निर्माण होणारा विद्युतदाब मोजतात. दोन्ही मोजमापं एकत्र केली की चुंबक किती ताकदीचा आणि तार किती लांब हे दोन्ही प्रश्न गणितातून निघून जातात. उरते यांत्रिक शक्ती आणि विद्युत शक्ती यांची बरोबरी. विद्युतदाब जोसेफसन परिणामाने आणि रोध क्वांटम हॉल परिणामाने मोजतात (दोन्ही अतिथंड पदार्थांत दिसणारे क्वांटम परिणाम), आणि त्या दोन्हींत प्लांक स्थिरांक बसलेला आहे. पूर्वी किलोग्रॅम ठाऊक होता म्हणून हे यंत्र प्लांक स्थिरांक मोजायचं. आता प्लांक स्थिरांक ठरलेला आहे म्हणून तेच यंत्र किलोग्रॅम मोजतं.

भारताचा किलोग्रॅम, प्रत क्रमांक ५७, दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत आहे. त्याची नोंद तक्त्याच्या कोपऱ्यात ठेवतोय. व्याख्या बदलली म्हणून त्या धातूची किंमत कमी होत नाही.

९ जून

काळ्या रंगातून आपोआप निघणारे आकडे. ॲव्होगॅड्रो आणि बोल्ट्झमन यांचा गुणाकार म्हणजे वायू स्थिरांक : ८.३१४४६२६१८१५३२४ जूल प्रतिमोल प्रतिकेल्विन. इथेच संपतो, पुढे कंस नाही. मुलं हाच आकडा कधी ०.०८२०६ असा पाहतात (लिटर-वातावरण), कधी १.९८७ (कॅलरी). तिन्ही एकच आहेत हे एका ओळीत दाखवणार : पहिल्याला १०१.३२५ ने भागा, दुसरा मिळतो; ४.१८४ ने भागा, तिसरा. आणि १०१.३२५ व ४.१८४ हे दोन्हीही ठरवलेले आकडे आहेत.

आता उलट्या दिशेने गेलेले. यांच्यावर माझा फार जीव आहे, कारण २०१९ चं खरं गणित इथे कळतं. काही गोष्टी अचूक केल्या की काहींना अचूकपण सोडावं लागतं. कार्बन-१२ च्या एका मोलचं वस्तुमान पूर्वी नेमकं १२ ग्रॅम होतं. आता ते १२ च्या अतिशय जवळ आहे, पण मोजून ठरतं. पाण्याचा त्रिक बिंदू (बर्फ, पाणी आणि वाफ तिन्ही एकत्र राहतात ते तापमान) नेमका २७३.१६ केल्विन होता; आता त्याला केल्विनच्या दहाहजाराव्या भागाइतकी अनिश्चितता लागली. चुंबकीय पारगम्यतेला साधारण १०^१० मध्ये दीड भाग. आणि सेव्हरचा तो दंडगोल, जो व्याख्येमुळे एक किलोग्रॅमहून तिळभरही वेगळा असू शकत नव्हता, तोही आता इतर कुठल्याही वजनासारखा मोजला जातो. शंभर वर्षांत त्याच्यात आणि त्याच्या सख्ख्या प्रतींत ५० मायक्रोग्रॅमच्या आसपास फरक पडलेला दिसला होता. त्यातलं कोण बदललं हे त्या वेळी सांगताच येत नव्हतं, कारण मापकच तो होता.

हे चौघे निळ्या रंगात.

१४ जून

आकडे लाख-कोटींच्या स्वल्पविरामांनी छापायचे ठरले. परीक्षेत मुलं तसंच लिहितात.

१८ जून

आजचा पूर्ण वेळ गुरुत्व स्थिरांकावर. ६.६७४३०(१५) × १०^-११. कंसातला १५ म्हणजे शेवटच्या दोन अंकांत पंधराची अनिश्चितता. एक लाख भागांत सुमारे दोन भाग. न्यूटनच्या नावाचा हा स्थिरांक सगळ्यांच्या ओळखीचा, आणि मोजलेल्यांमध्ये सर्वांत कच्चा. शेजारी हायड्रोजनच्या वर्णपटातून मिळणारा रिडबर्ग स्थिरांक ठेवला की विषमता डोळ्यांत भरते : १,०९,७३,७३१.५६८ प्रतिमीटर, आणि त्याची अनिश्चितता १०^१२ मध्ये एक-दोन भाग. हायड्रोजनचा वर्णपट आपल्याला इतका कळतो. दोन गोळे एकमेकांना किती ओढतात ते मात्र एवढं कळत नाही.

कारण सांगता येतं. गुरुत्व फार दुबळं आहे आणि त्याला आडवं काही घालून थोपवता येत नाही. प्रयोगशाळेतल्या गोळ्यांसोबत भिंती, माणसं, बाहेर साचलेलं पावसाचं पाणी, सगळंच ओढतं. शिवाय या स्थिरांकाचा दुसऱ्या कुठल्याही स्थिरांकाशी पक्का धागा नाही. बाकीचे एकमेकांना आधार देतात, हा एकटा आहे. कॅव्हेंडिशने १७९८ साली पीळ-तराजूने पृथ्वीची घनता काढली, त्यातूनच पुढे हा आकडा निघाला. आजही बहुतेक प्रयोगांच्या मुळाशी तोच पीळ खाणारा धागा आहे.

२०१८ मध्ये चीनमधल्या वुहानच्या संशोधकांनी दोन वेगवेगळ्या पद्धतींनी हा स्थिरांक मोजला. एक उत्तर ६.६७४१८४(७८), दुसरं ६.६७४४८४(७८). दोन्हींतला फरक ३००. प्रत्येकाची स्वतःची अनिश्चितता ७८. म्हणजे अत्यंत काळजीने केलेली दोन मोजमापं एकमेकांशी नीट जुळत नाहीत आणि का जुळत नाहीत ते सांगता येत नाही. सर म्हणाले, “हे तक्त्यावर घेऊच या. मुलांना वाटतं भौतिकशास्त्र संपलंय.” घेतलं. दोन्ही आकडे एकाखाली एक, कुठलाही खुलासा न देता.

यातूनच आणखी एक चौकट निघाली. गुरुत्व स्थिरांक आणि पृथ्वीचं वस्तुमान यांचा गुणाकार ३.९८६००४४१८ × १०^१४ इतका नेमका माहीत आहे. उपग्रहांच्या फेऱ्यांवरून तो मोजता येतो, आणि कक्षा काढायला हा गुणाकारच लागतो. पण पृथ्वीचं वस्तुमान किलोग्रॅममध्ये हवं असेल तर त्याला गुरुत्व स्थिरांकाने भागावं लागतं, आणि त्याचा कच्चेपणा उत्तरात उतरतो : ५.९७२२ × १०^२४. पुढचे अंक लिहायला आपल्याला अधिकार नाही.

२२ जून

गुरुत्व स्थिरांक आणि गुरुत्वत्वरण यांत मुलांचा गोंधळ होतो, म्हणून आज दुसरा. पुस्तकातला ९.८०६६५ मीटर प्रतिसेकंद वर्ग हा आकडा कुठल्याही गावचा नाही. १९०१ सालच्या परिषदेत तो प्रमाण म्हणून ठरवला. म्हणून तो काळ्या रंगात. इंदुरात वस्तू प्रत्यक्षात किती त्वरणाने पडते हा वेगळा प्रश्न.

हिशेब केला. अक्षांश २२.७ अंश, समुद्रसपाटीपासून उंची साधारण ५५० मीटर. प्रमाण सूत्राने समुद्रसपाटीला ९.७८८ येतं, उंचीचे ०.००१७ वजा केले की ९.७८६. खालच्या खडकांमुळे तिसऱ्या दशांशात थोडा बदल होईल, म्हणून ‘सुमारे ९.७८६’ असंच छापू. विषुववृत्तापासून आपण फार लांब नाही आणि माळव्याच्या पठारावर आहोत. दोन्ही कारणांनी आपल्याकडे ओढ कमी.

फरक हजारात दोन. नगण्य वाटतो, पण संध्याकाळी सराफ्यात एका पेढीवर जाऊन बसलो तेव्हा त्याची किंमत समजली. इलेक्ट्रॉनिक काटा वस्तुमान मोजत नाही, त्याच्यावर पडणारं बल मोजतो, आणि आत साठवलेल्या एका आकड्याने भागून ग्रॅम दाखवतो. ९.८०६६५ धरून तयार केलेला काटा इथे तसाच लावला तर १०० ग्रॅम सोनं ९९.७९ ग्रॅम दिसेल. म्हणून बसवल्यावर जागेवर प्रमाणित वजन ठेवून काटा जुळवावा लागतो. पेढीवरच्या काकांनी मखमलीच्या डबीतलं ते वजन काढून दाखवलं. हाताने धरत नाहीत, चिमट्याने. मागच्या कपाटावर त्यांच्या वडिलांच्या वेळचा दोन पारड्यांचा तराजू होता. त्याला हा प्रश्नच पडत नाही. दोन्ही पारड्यांवरची ओढ सारखीच कमी होते, तो इंदुरात, दिल्लीत आणि चंद्रावरही तेच उत्तर देईल.

वस्तुमान आणि वजन यांतला फरक सांगायला मला याहून चांगलं उदाहरण सापडलेलं नाही. तक्त्यावर दोन्ही काट्यांचं चित्र येणार. ताईंनी तिथेच बसून कच्चं रेखाटन केलं.

२७ जून

उंचीचाच दुसरा परिणाम, छोट्या चौकटीत : इंदुरात हवेचा दाब साधारण ९४९ हेक्टोपास्कल, म्हणजे पाऱ्याचे ७१२ मिलिमीटर. पाणी १०० अंशांना उकळत नाही, सुमारे ९८.२ ला उकळतं. सरांच्या मते तापमापी तपासायच्या प्रयोगात दरवर्षी मुलं याच १.८ अंशांचा दोष तापमापीवर टाकतात.

१ जुलै

रूपांतराच्या पुस्तिकेला हात घातला. इथेही तीच काळी-निळी शिस्त. इंच म्हणजे नेमके २५.४ मिलिमीटर, १९५९ च्या आंतरराष्ट्रीय करारापासून. पौंड नेमका ०.४५३५९२३७ किलोग्रॅम. मैल नेमका १.६०९३४४ किलोमीटर. हे सगळे काळे. ‘जवळजवळ २.५४ सेंटिमीटर’ असं ज्या पुस्तकात लिहिलेलं असतं ते चूक आहे, त्यात जवळजवळ काहीच नाही.

कापड बाजारातला गज म्हणजे ९१.४४ सेंटिमीटर, तोही नेमका.

मग तोळा. १८० ग्रेन, आणि ग्रेन नेमका ६४.७९८९१ मिलिग्रॅम, म्हणून तोळा ११.६६३८०३८ ग्रॅम. १२ मासे म्हणजे एक तोळा, ८ गुंजा म्हणजे एक मासा, तेव्हा गुंज ०.१२१५ ग्रॅम. ८० तोळ्यांचा शेर ९३३.१ ग्रॅम, ४० शेरांचा मण ३७.३२४ किलो. आंतरराष्ट्रीय बाजारात सोन्याचा भाव ज्या ट्रॉय औंसात सांगतात तो ४८० ग्रेनचा, म्हणजे बरोबर ८/३ तोळे. इतकं सुबक गुणोत्तर पाहून सर खूश झाले.

पण आज दुकानात ‘तोळा’ म्हटलं की दहा ग्रॅम. आजीच्या पाटल्यांची जुनी पावती आणि आजचं वजन यांचा मेळ घालताना घराघरांत जो संशय येतो, त्यातला पुष्कळसा या १.६६ ग्रॅममधून येतो. पुस्तिकेत दोन्ही तोळे वेगळ्या ओळींवर, आणि जुन्या पावतीचं एक सोडवलेलं उदाहरण.

दशमान पद्धत आपल्याकडे १९५६ च्या कायद्याने आली आणि १९५८ पासून टप्प्याटप्प्याने लागू झाली. म्हणजे आपल्या आजी-आजोबांनी भर संसारात सगळी मापं बदलली. त्यांनी ती बदलून दाखवली याचं मला फार कौतुक वाटतं.

६ जुलै

तापमान. बाकी सगळी रूपांतरं एका गुणाकाराची; हे एकच असं की शून्यही सरकतं. ३० अंश सेल्सिअस म्हणजे ८६ फॅरनहाइट, पण तापमानातली ३० अंशांची वाढ म्हणजे ५४ फॅरनहाइट अंशांची वाढ. पुस्तिकेत ‘तापमान’ आणि ‘तापमानातला फरक’ अशा दोन वेगळ्या सारण्या.

११ जुलै

ऊर्जा. वीजबिलातलं ‘युनिट’ म्हणजे किलोवॅट-तास, नेमके ३६ लाख जूल. दुसऱ्या टोकाला इलेक्ट्रॉनव्होल्ट, म्हणजे एका व्होल्टच्या फरकातून जाताना एका इलेक्ट्रॉनला मिळणारी ऊर्जा, १.६०२१७६६३४ × १०^-१९ जूल. विद्युतभार गोठवल्यापासून हाही काळा. दोघांच्या मध्ये पंचवीसहून जास्त घातांचं अंतर आहे आणि दोन्ही एकच गोष्ट मोजतात.

युनिटसाठी उदाहरण नर्मदेचं घेतलं. आपल्या नळाला येणारं पाणी मंडलेश्वरजवळच्या जलूदहून वर चढवून आणतात. नदीच्या पातळीपासून शहरापर्यंत ढोबळ ४०० मीटरचा चढ धरला, तर १००० लिटर पाण्याला १००० × ९.७८६ × ४०० म्हणजे ३९ लाख जूल, सुमारे १.१ युनिट. हा केवळ गुरुत्वाविरुद्धचा हिशेब. वाटेत विंध्याचा घाट याहून उंच आहे, नळांतलं घर्षण आहे, पंपांची कार्यक्षमता आहे, तेव्हा खरा खर्च बराच जास्त. पण किमान एवढी वीज तरी लागणारच, ती कुणी वाचवू शकत नाही. अकरावीच्या मुलीने घरच्या टाकीवर तो हिशेब लगेच करून पाहिला, आणि आईला दाखवायला कागद घेऊन गेली.

इलेक्ट्रॉनव्होल्टच्या पानावर चार ओळी : एक इलेक्ट्रॉनव्होल्ट म्हणजे ११,६०४.५ केल्विन, म्हणजे २४१.८ × १०^१२ हर्ट्झ, म्हणजे ९६.४८५ किलोजूल प्रतिमोल. आणि तरंगलांबी नॅनोमीटरमध्ये हवी असेल तर १२३९.८४ ला इलेक्ट्रॉनव्होल्टने भागा. रसायनशास्त्र, वर्णपट आणि उष्णता या तीन पुस्तकांतले आकडे या चार ओळींनी एकमेकांशी बोलू लागतात.

१६ जुलै

हा भाग मनापासून लिहायचा होता, म्हणून राखून ठेवला होता. राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र आपल्याच शहरात आहे, आणि तिथल्या इंडस-२ या सिंक्रोट्रॉनमध्ये इलेक्ट्रॉन २.५ गिगा-इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेने फिरतात. पुस्तकातले स्थिरांक तिथे रोज कामाला जुंपलेले आहेत.

वर्तुळाचा परिघ सुमारे १७२.५ मीटर. प्रकाशवेगाने भागलं की एक फेरी ०.५७५ मायक्रोसेकंदात, म्हणजे सेकंदाला सुमारे १७ लाख ३८ हजार फेऱ्या. तिथल्या रेडिओ-वारंवारतेचा आकडा ५०५.८ मेगाहर्ट्झ, बरोबर २९१ पट. हा योगायोग नाही : प्रत्येक फेरीला इलेक्ट्रॉनांना ढकलणारी लाट त्याच टप्प्यावर भेटली पाहिजे, म्हणून परिघ, प्रकाशवेग आणि वारंवारता एकमेकांत बांधलेले असावे लागतात.

इलेक्ट्रॉनचं वस्तुमान ऊर्जेच्या एककांत ०.५११ मेगा-इलेक्ट्रॉनव्होल्ट. २.५ गिगा म्हणजे २५०० मेगा; त्याला ०.५११ ने भागलं की ४८९२. सापेक्षतेच्या सूत्रात हा आकडा टाकला तर इलेक्ट्रॉनचा वेग प्रकाशवेगापेक्षा कितीने कमी? सेकंदाला सव्वासहा मीटर. रिंगरोडवर सायकलीने जाणारा मुलगा साधारण एवढ्या वेगाने जातो. २९ कोटी ९७ लाख मीटरांत कमी पडतो तो केवळ तेवढा. धाकट्या इंडस-१ मध्ये ४५ कोटी इलेक्ट्रॉनव्होल्टला हीच तूट १९३ मीटर आहे. ऊर्जा साडेपाच पट झाली की तूट तिच्या वर्गाने, तीस पटीने, घटते.

आणि त्या इलेक्ट्रॉनांतून निघणारे क्ष-किरण. इंडस-२ ची लाक्षणिक तरंगलांबी सुमारे ०.२ नॅनोमीटर. १२३९.८४ ला ०.२ ने भागा : ६२०० इलेक्ट्रॉनव्होल्ट. ११ जुलैच्या पानावरची चौथी ओळ इथे कामी आली. स्फटिकातल्या अणूंमधलं अंतर याच मापाचं असतं, म्हणून तर ते किरण स्फटिकांवर सोडतात.

ताईंनी या चौकटीला तक्त्याचा मधला भाग दिला. मी मागितला नव्हता.

२० जुलै

एककाशिवाय लिहिलेल्या आकड्याचं उदाहरण. २३ जुलै १९८३ रोजी एअर कॅनडाच्या बोइंग ७६७ चं इंधन हवेतच संपलं. प्रवासाला २२,३०० किलो हवं होतं, टाक्यांत ७,६८२ लिटर होतं. लिटरचे किलो करायला १.७७ ने गुणलं गेलं. पण १.७७ हे एका लिटरचं वजन पौंडात होतं. किलोत ते ०.८ आहे. आणखी २०,००० लिटर भरायला हवं होतं, तिथे ४,९१७ लिटरच भरलं. विमानात २२,३०० किलोऐवजी २२,३०० पौंड इंधन गेलं. वैमानिकांनी गिमलीच्या जुन्या हवाई तळावर ते तरंगत उतरवलं आणि सगळे वाचले.

पुस्तिकेत मुलांना हेच गणित एकक लिहून आणि न लिहिता, दोन्ही प्रकारे करायला देतोय. एकक लिहून केलं की ‘पौंड’ हा शब्द कागदावर उरतो आणि चूक स्वतःहून पुढे येते.

२६ जुलै

इतिहासाची पट्टी. प्लांकने १९०० साली काढलेली मूल्यं : प्लांक स्थिरांक ६.५५, बोल्ट्झमन १.३४६ (त्या काळच्या एककांतले घात सोडून). आजच्या गोठवलेल्या आकड्यांपेक्षा पहिलं सव्वा टक्क्याच्या आत कमी, दुसरं अडीच टक्के कमी. नुसत्या तापलेल्या पोकळीच्या प्रकाशावरून एवढं!

मिलिकनने १९१३ मध्ये तेलाच्या थेंबांवरून विद्युतभार ४.७७४ दिला, अनिश्चितता ०.००९. आजचं मूल्य त्याच एककात ४.८०३, म्हणजे त्याने दिलेल्या मर्यादेच्या तिपटीहून बाहेर. थेंब त्याने नीट पाहिले होते. हवेची श्यानता मात्र जी वापरली ती थोडी कमी होती. यावरून तक्त्याच्या सूचनेत एक वाक्य वाढवलं : कंसातला आकडा ज्ञात कारणांपुरताच असतो.

याच गणितात एक गंमत आहे. मिलिकनच्या एककाचे कूलॉम करायला २.९९७९२४५८ × १०^९ ने भागावं लागतं. ओळखीचे अंक! जुन्या विद्युत एककांच्या रूपांतरात प्रकाशवेग आधीपासून बसलेला होता.

२ ऑगस्ट

छपाईचा नमुना आला. घातांमधली उणे चिन्हं फाँटमध्ये गळाली होती. प्लांक स्थिरांक १०^३४ झाला होता. अडुसष्ट घातांचा फरक. ताई सगळे घात आता हाताने रेखून देणार आहेत, त्याचं चित्र करून छापू.

आणखी एक चौकट आज ठरली, जागा उरली होती म्हणून. विद्युतचुंबकीय बलाची ताकद सांगणाऱ्या सूक्ष्म-संरचना स्थिरांकाचा व्यस्त : १३७.०३५९९९. याला एककच नाही. मीटर घ्या, गज घ्या, तोळा घ्या, हा आकडा हलत नाही. २०१८ च्या परिषदेलाही याला हात लावता आला नसता. चुंबकीय पारगम्यतेचं अचूकपण गेलं ते याच्यामुळे : विद्युतभार, प्लांक स्थिरांक आणि प्रकाशवेग तिन्ही गोठवले, तेव्हा या आकड्यातली अनिश्चितता जाणार कुठे? ती पारगम्यतेत गेली. सरांनी हे फळ्यावर एका ओळीत करून दाखवलं आणि ९ जूनच्या नोंदीतला हिशेब पूर्ण झाला.

९ ऑगस्ट

निळ्या आकड्यांच्या ओळी फ्लेक्सवर छापायच्या नाहीत, असं शेवटी ठरवलं. त्या वेगळ्या पट्ट्यांवर छापून वेल्क्रोने लावू. स्थिरांकांची मान्य मूल्यं ठरवणारी आंतरराष्ट्रीय समिती, कोडाटा, दर चार वर्षांनी मूल्यांची नवी यादी काढते, आणि निळे आकडे खरोखर सरकतात. इलेक्ट्रॉनचं वस्तुमान २०१८ च्या यादीत ९.१०९३८३७०१५(२८) × १०^-३१ किलोग्रॅम होतं, २०२२ च्या यादीत ९.१०९३८३७१३९(२८) झालं. फरक १२४, कंसात २८. गुरुत्व स्थिरांक मात्र दोन्ही याद्यांत तसाच राहिला.

काळी बाजू छपाईला गेली. निळ्या पट्ट्या अभ्यासिकेच्या प्रिंटरवरच काढू, म्हणजे पुढच्या वेळी कुणाची वाट पाहावी लागणार नाही. इलेक्ट्रॉनची पट्टी सर्वांत खाली, अकरावीतल्या मुलांचा हात पोचेल अशी लावायची. पुढची यादी आली की ती बदलायचं काम त्या मुलीने आताच मागून घेतलंय.